ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही

देविदास,

तुझ्यावर लिहायचं काम मंडळाने माझ्याकडेच दिलं. दुसऱ्या कोणाकडे देणार होते? मोर्चाचं पत्रक असो, निषेधाचं असो की कोणाच्या मरणाचं, आपल्या युवक मंडळात लिहायचं मीच. मंडळातला शरद घरी आला, सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "प्रभाकर, रविवारी शोकसभा. पानभर लिही. जोरदार लिही." जोरदार. तू असतास तर या शब्दावरच हसला असतास.

पण मी लिहिलं. सांगायला लाज वाटते, भराभर लिहिलं. 'तरुण, तडफदार, तत्त्वनिष्ठ' अशी सुरुवात केली. तिन्ही शब्द 'त'चे आले म्हणून मला बरं वाटलं. तुला जाऊन आठवडा झाला नव्हता, तुझ्या घरी अजून चूल नीट पेटत नव्हती, आणि मी अनुप्रास जुळला म्हणून खूश होत होतो. हे माझं मलाच दिसलं ते तुझ्यामुळे. तू भेटण्याआधी दिसलं नसतं. दिसलं तरी मी ते शब्द खोडले नाहीत, हेही सांगून टाकतो.

आता लिहितो आहे ते दुसरं. पहिल्याचं काय झालं ते पुढे येईल.

माझं वाचणंच पत्रकांवर सुरू झालं, हे तुला ठाऊक होतं. पुलगावात आमच्या घरी पुस्तक नव्हतं. गिरणीच्या दाराशी वाटलेले कागद बापाच्या खिशातून घरी येत, घामाने ओले झालेले, आणि मी ते चुलीपुढे वाळवून वाचत असे. जागा हो! एक व्हा! सहन करू नका! वाक्य म्हटलं की शेवटी उद्गारचिन्ह असणारच, असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. पुढे तळेगावात मामाकडे राहायला आलो, आर्वीच्या कॉलेजात तू भेटलास, आणि आणीबाणी उठल्यावर आपण मंडळ काढलं, तेव्हाही माझी वाक्यं तशीच होती. बसायला जागा लक्ष्मणरावांनी दिली. त्यांच्या किराणा दुकानामागचं गोदाम. मिरचीची पोती, गुळाच्या भेल्या आणि एका कोपऱ्यात पत्रकं छापायचं आपलं सायक्लोस्टाइल यंत्र. लक्ष्मणराव आपली पत्रकं दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवत आणि साखर घ्यायला आलेल्या माणसाला म्हणत, "हे घे, पोरायनं काढलं. वाच."

पहिलं पत्रक मी गोदामात उभं राहून वाचलं. पोत्यांवरची धूळ उडावी असं वाचलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू मात्र माझ्या हातातून कागद घेतलास.

"आता मी वाचतो," तू म्हणालास. "आर्वीच्या स्टँडवर गाड्या सांगतात ना, तसा वाचीन."

आणि तसंच वाचलंस. 'रक्ताच्या शेवटच्या थेंबापर्यंत लढू' हे वाक्य तू 'अमरावती गाडी फलाटावर लागली आहे' अशा आवाजात वाचलंस. पहिल्यांदा मागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. माझे कान तापले.

"पाह्यलं?" तू म्हणालास. "तुहा आवाज काढून घेतला तं इतकंच उरते. जे उरते ते छापू."

त्या दिवसापासून मंडळात नियम झाला. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही. दुसऱ्याने सपाट आवाजात वाचायचं. लिहिणाऱ्याने पोत्यांना पाठ लावून ऐकायचं आणि लक्ष्मणरावांच्या घरून चहा येऊन तो पिऊन होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. "चहाच्या आधी बोलू देलं तं तू लगेच सोताचा वकील होतं," तू म्हणायचास. मला त्या चहाचा किती राग यायचा! पण खरं सांगतो, चहा संपेपर्यंत माझ्या वकिलीतली निम्मी कलमं गळून पडलेली असायची.

तू दुसऱ्यांवर जितकी नजर ठेवायचास तितकीच स्वतःवरही, म्हणून तुझं ऐकावं लागायचं. एकदा आर्वीहून येताना एसटीत एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तू उठून तिला जागा दिलीस. गोदामात येऊन हीच गोष्ट तू आम्हाला सांगितलीस, पण अर्धी आपल्या बाजूने आणि अर्धी आपल्याच विरुद्ध.

"उठलो मी. मग मान वळवून मागं पाह्यलं. कोणी पाह्यलं का आपल्याले, म्हून. कंडक्टरनं पाह्यलं होतं. मले बरं वाटलं. म्हणजे पाह्य लेका, म्हातारीले बसवलं का कंडक्टरले दाखवलं?"

आणि तू मोठ्याने हसलास, जसा काही तो कोणी दुसराच होता. मला ते जमत नव्हतं. मी स्वतःला पकडलं तर चोर पकडल्यासारखा धोपटायचो, नाहीतर सोडून द्यायचो. तू चोराला बसायला पाट द्यायचास.

माझंही तू असंच धरलं होतंस. बाजाराच्या दिवशी माझं भाषण झालं. पानठेल्यावर तू विचारलंस, "शेवटलं वाक्य बोलला अन् तू कोणाकडं पाह्यलं?"

"कोणाकडे नाही."

"आठवून पाह्य."

मी भडकलो. माझ्या निष्ठेवर संशय घेतोस का, वगैरे म्हणालो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर अंघोळ करताना आठवलं. नागपूरच्या पेपराला बातम्या पाठवणारा माणूस बाजारातल्या ओट्यावर उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं होतं. तो लिहितो आहे का, हे पाहिलं होतं. तुला येऊन सांगितलं, तेव्हा तू जिंकल्यासारखं काही केलं नाहीस. अर्धी विडी माझ्या हातात दिलीस. "झालं. पुढच्या खेपेले पाह्यशीन तेव्हा तुले माहीत राहीन, इतकंच."

तू गेलास म्हणून तुला साधू करणार नाही. तू बैठकीला कधी वेळेवर आला नाहीस. तुझ्याजवळ तुझी विडी कधी नसायची. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला पहिल्याच भेटीत तू म्हणालास, "तुम्ही बोलता बोलता मिशीले हात लावता, माहीत आहे काय?" तो माणूस वर्षभर आमच्या घरी आला नाही. आणि तू स्वतः एक ओळही लिहिली नाहीस. संत्र्याच्या बागेला पाणी द्यायचं, दुपारी येऊन दुसऱ्याच्या कागदात खोट काढायची, हे सोपं आहे, असं मी तुला तोंडावर म्हणालो होतो. आपला मोठा वाद तोच होता. मी म्हणायचो, जो तो स्वतःलाच पाहत बसला तर लढायचं कोणी? तू म्हणायचास, न पाहता लढला तर मार कोणाले बसते ते तरी पाह्य. तो वाद अर्धाच राहिला. माझी बाजू मी अजून सोडलेली नाही, देविदास. पण मार कोणाला बसला ते मला आता माहीत आहे.

हुंड्याविरुद्ध शपथ आपण सगळ्यांनी घेतली होती. ज्या लग्नात हुंडा दिला-घेतला जाईल त्या लग्नात जेवायचं नाही. यात माझी भर अशी की, घरी बसून जेवायला न जाणं पुरेसं नाही. जायचं, पंगतीत बसायचं, पान वाढून झालं की सगळ्यांनी एकदम उठायचं. लोकांना दिसलं पाहिजे. आजूबाजूच्या दोन-तीन गावांत आम्ही हे केलं आणि आमचं नाव झालं. मग लक्ष्मणरावांच्या रेखाचं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीकडचा. स्कूटर, घड्याळ आणि वर रोख.

लक्ष्मणराव स्वतः गोदामात अक्षता घेऊन आले. आपली सगळी पत्रकं त्यांनी वाचलेली होती. म्हणाले, "तुमचं म्हणणं खरं आहे, पोरहो. पण पोरगी माही आहे. तुम्ही घरचेच आहा, जेवाले येजा."

ते गेल्यावर तू मला विचारलंस, "प्रभ्या, पंगत कोणाची असते?"

"म्हणजे?"

"मांडवातली पंगत. सैपाक कोणाच्या घरचा? पोरीच्या बापाचा. हुंडा घेतला कोणं? पोराच्या बापानं. अन् तू उठून राह्यला कोणाच्या पंगतीतून?"

मी म्हणालो, देणाराही गुन्हेगार असतो. शरद म्हणाला, तत्त्व म्हणजे तत्त्व, ओळखीचा माणूस आला म्हणून ते वाकत नाही.

"असन गुन्हेगार," तू म्हणालास. "पण मोठा गुन्हेगार सोडून लहान्याच्याच दारात काऊन? नवरदेवाच्या गावाले एसटी जाते ना. तिथं जाऊन उठू."

"तिथे आपल्याला कोण ओळखतं? कोण ऐकणार?"

"म्हणजे इथं ऐकतात म्हून."

हे तुझं वाक्य मला पटलं नाही. मनातल्या मनात मी तुझ्यावर शिक्का मारत होतो. कच खाल्ली.

मांडवात पळसाच्या पानांच्या पत्रावळी मांडल्या होत्या. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. लक्ष्मणराव नवा फेटा बांधून पंगतीतून फिरत होते. आमच्यासमोर आले, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "सावकाश होऊ द्या."

तेवढ्यात आम्ही उठलो. तो क्षण मीच निवडला होता. ते समोर येतील तेव्हाच उठायचं, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांचे हात तसेच जोडलेले राहिले. मी बोललो, काय बोललो ते सगळ्या मांडवाने ऐकलं. नवरदेवाकडची मंडळी पहिल्या पंगतीत जेवून बाजूला उभी होती. त्यांच्यातले काही जण हसत होते, हे मी पाहिलं. का हसतात, हे मात्र पाहिलं नाही. लक्ष्मणरावांनी फेटा काढला आणि खाली, माझ्या पानापाशी ठेवला. मी तो ओलांडून गेलो.

तू उठला नाहीस. मी तुझी बाही ओढली होती. तू मान खाली घालून भातात वरण कालवत होतास.

त्यानंतर लक्ष्मणरावांनी गोदामाला कुलूप लावलं. यंत्र त्यांनी नीट पोत्यात गुंडाळून माझ्या मामाकडे पाठवलं, त्यावर ओरखडाही नव्हता. मंडळाची बैठक शाळेच्या व्हरांड्यात भरली. विषय एकच, तुला ठेवायचं की काढायचं. ठराव मी लिहिला होता. 'बुंदीच्या लाडवासाठी तत्त्व विकणारे मित्र' अशी त्याची सुरुवात होती. तो शरदने वाचायला घेतला, नियमाप्रमाणे. मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि स्वतः वाचला. उभं राहून, पूर्ण आवाजात.

तू नियम पाळलास. खांबाला पाठ लावून, खाली पाहत ऐकलंस.  मग म्हणालास, "चहा तं आज येत नाई, म्हून बोलतो."

आणि जे बोललास ते दुसरा कोणी बोलला नसता. तू म्हणालास, "मी काही लक्ष्मणरावच्या दयेनंच बसलो असं नाई. बसलो तेव्हा मले वाटलं, आता सगळे उठले, मी एकटाच बसून आहो, सगळा मांडव मलेच पाहीन. अन् ते मले जरासं आवडलंही. म्हणजे तुम्हाले उठून जे पाहिजे होतं ते मले बसून भेटलं. इतकं माह्या ध्यानात आलं. तुमच्याही ध्यानात आलं पाहिजे, म्हून सांगतो."

शरद ओरडला, "ऐकलं? स्वतःच कबूल करतो आहे! लिहून घे, प्रभाकर."

मी लिहून घेतलं. देविदास, मी ते लिहून घेतलं. तू आमच्यासमोर दार उघडलंस आणि आम्ही त्यातून आत जाऊन पंचनामा केला. 'सदर सदस्याने प्रसिद्धीच्या मोहाने बसल्याचे स्वतः मान्य केले आहे.' हे माझं वाक्य. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही, आणि इतकं खोटं मी दुसरं काही लिहिलेलं नाही.

तू उठलास, चपला घातल्यास. जाता जाता फक्त म्हणालास, "प्रभ्या, आज तू सोताच वाचलं."

मग आपण स्टँडवर भेटायचो. "काय चाललं?" "चाललं." मध्ये एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. तू कधी वाट बदलली नाहीस, मीच पानठेल्याच्या पलीकडून जायचो.

तुला कावीळ झाल्याचं आणि वर्ध्याला नेल्याचं कळलं, तेव्हा त्याच दिवशी पुलगावात माझी बैठक होती. मी बैठकीला गेलो नाही, थेट दवाखान्यात आलो. एसटीत बसून माफीची वाक्यं जुळवत होतो. चांगली जुळली होती, तीच तर अडचण होती. तुझ्या खाटेपाशी आलो. तुझे डोळे पाहून मी थबकलो, आणि तूच म्हणालास, "ये. पिवळा झालो पाह्य, तुह्या पत्रकाच्या कागदासारखा."

तुझ्या उशाशी बसलेल्या कमलवहिनी हसल्या. मीही हसलो. तू माझ्याकडे नीट पाहिलंस.

"माफी मागाले आला काय बे?"

तू दार इतकं सताड उघडून दिलं होतंस. आणि मी म्हणालो, "नाही रे. पुलगावला बैठक होती, जाता जाता उतरलो."

"बरं," तू म्हणालास.

असं का म्हणालो? तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे. तू आधीच ओळखलंस म्हणून माझ्या तयारीचा पचका झाला, हे एक. जमवून आणलेलं भाषण वाया गेलं. तू मरणाच्या दारात होतास आणि मी माझा प्रवेश चुकला म्हणून हिरमुसलो होतो. यापेक्षा बरं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

मग काहीतरी करायचं म्हणून मी खिशातलं नवं पत्रक काढलं. "वाचतोस?"

"तूच वाच ना. आता तूच वाचतं."

मी वाचलं, हळू आवाजात, शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा होऊ नये म्हणून. तू डोळे मिटून ऐकलंस आणि म्हणालास, "चांगलं आहे." माझ्या लिहिण्याला तू कधी 'चांगलं' म्हटलं नव्हतंस. परतीच्या एसटीत मी त्या दोन शब्दांवर खूश होतो. आर्वी मागे पडल्यावर कळलं. तुझ्या अंगात खोट काढण्याइतकी ताकद उरली नव्हती. किंवा ताकद होती, पण माझ्यावर खर्च करावीशी वाटली नव्हती. यातलं खरं कोणतं, हे आता कोणाला विचारू?

तू गेल्यावर शोकसभेसाठीचं ते पहिलं पान लिहून झालं, तेव्हा शरद म्हणाला, घरच्यांना एकदा दाखव, नावगाव चुकायला नको. मी तुझ्या घरी गेलो. तुझी आई ओसरीवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी कागद उघडला आणि वाचायला घसा साफ केला. कमलवहिनींनी हात पुढे केला.

"तुम्ही नका वाचू, भाऊजी. हे म्हणत, ज्यानं लिहिलं त्यानं वाचायचं नाई."

त्यांनी वाचलं. शाळेत धडा वाचतात तसं, एकेका शब्दावर बोट ठेवून. तरुण. तडफदार. तत्त्वनिष्ठ. तीन दगड एकेक करून विहिरीत पडावेत तसे ते शब्द पडले. पुढे माझं वाक्य होतं, 'घरगुती अडचणींमुळे त्यांना काही काळ कार्यापासून दूर राहावे लागले.' हे शरदने सुचवलेलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर जुनी भांडणं नकोत, इतकंच तो म्हणाला होता. वाक्य माझं.

त्या थांबल्या. ओळ पुन्हा मनात वाचली. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "घरी तं काही अडचण नव्हती, भाऊजी."

आवाजात राग नव्हता. खरंच त्यांना कळत नव्हतं की आपल्या घरी अशी कोणती अडचण झाली होती. आणि त्या पुढचं वाचू लागल्या, शेवटपर्यंत. कागदाची घडी घातली. "चहा मांडते. मग बोला."

चहा झाला.  मग मी विचारलं, "वहिनी, त्याला माझा राग होता का?"

"होता ना. काऊन नसन?" त्या म्हणाल्या. "तळेगावात तुमची सभा असली का हे मुद्दाम बागेत जाऊन बसत. लाउडस्पीकर तिथंही ऐकू ये. मग म्हणत, 'पाह्य, आता थांबीन अन् कोणाकडंतरी पाहीन.'"

मला 'नव्हता' हे ऐकायचं होतं. त्यासाठीच विचारलं होतं. हेही तिथेच, ओसरीवर बसल्या बसल्या दिसलं.

तिथून मी लक्ष्मणरावांच्या दुकानात गेलो. ते तूरडाळ तोलत होते.

"काय पाह्यजे?"

"काही नाही, काका."

"मंग दुकानात काऊन आला?"

मी म्हणालो, तुमच्या पंगतीतून उठलो ते चुकलं. आधी कोणतीही जुळवाजुळव केली नव्हती, म्हणून वाक्य अर्धवटच आलं. त्यांनी पुडी बांधली, दोरा तोडला, गिऱ्हाईकाच्या पिशवीत टाकली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "रेखा दिवाळीले आलती. सासू तिले म्हणते, तुह्या बापाच्या मांडवात तं लोकं जेवलेही नाई. काही झालं का तेच काढते. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तेच."

म्हणून हसत होते ते लोक. स्कूटर घेतली, रोख घेतली, आणि वर हे हत्यार आम्ही त्यांना आहेरात दिलं. हुंड्याविरुद्ध उठलो आणि उठणं कामी आलं ते हुंडा घेणाऱ्यांच्या. तू हे पंगतीच्या आधी सांगितलं होतंस, इतक्या सोप्या शब्दांत, की लहान पोरालाही कळलं असतं. मला कळलं नाही, कारण मला कळायचं नव्हतं. माझं भाषण तयार होतं.

"गोदाम रविवारी उघडून ठेवतो," लक्ष्मणराव म्हणाले. "देविदाससाठी. तुमच्यासाठी नाई." आणि ते पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळले.

मग घरी येऊन मी हे लिहायला बसलो. घरगुती अडचणींचं वाक्य काढलं. त्या जागी हे लिहिलं आहे: देविदास मंडळ सोडून गेला नाही. आम्ही त्याला काढलं. तो बरोबर होता म्हणून काढलं, आणि त्याने स्वतःबद्दल खरं सांगितलं तेच त्याच्याविरुद्ध वापरलं. ठराव मी लिहिला होता, मीच वाचला होता.

शरदला हे दाखवलं. तो म्हणतो, हे मंडळाचं पत्रक नाही, ही मंडळाची बदनामी आहे. हे वाचलं गेलं तर माझ्यावरही ठराव येईल. येवो. तो लिहायला त्यांना दुसरा माणूस शोधावा लागेल. बघ, हे वाक्य लिहिताना मला मजा आली. तू असतास तर इथेच बोट ठेवलं असतंस. राहू देतो. माझी मजाही लोकांना दिसू दे.

आणि एक. मी पत्रकं लिहिणं सोडणार नाही. हुंड्याचा राग मला खरा आहे, तो टाळ्यांसाठी नव्हता. टाळ्या त्यात मिसळल्या होत्या, किती ते तू सांगायचास. येत्या लग्नसराईत नवरदेवाच्या गावची एसटी पकडीन. तिथे मला कोणी ओळखत नाही. तुझ्याशिवाय जायला भीती वाटते.

रविवारी हे मी वाचणार नाही. कमलवहिनी वाचतील, त्या हो म्हणाल्या आहेत. एकेका शब्दावर बोट ठेवून, धडा वाचतात तसं. जे उरायचं ते उरेल. मी पोत्यांना पाठ लावून, खाली पाहत ऐकीन, आणि चहा येऊन तो पिऊन होईपर्यंत तोंड उघडणार नाही. चहा पूर्वी लक्ष्मणरावांच्या घरून यायचा. रविवारी येईल की नाही, मला माहीत नाही.

नाही आला, तर गप्पच राहीन.

प्रभाकर